रिव्हर्ब लावला की आई मोरीत बसून गातेय असं का वाटतं?

कंपूवाला | मंगळवार, रात्री ११:४०

मंडळी नमस्कार, इथे गाणं-बजावणं करणारे आणि कॉम्प्युटरवर आवाज चिवडणारे असे दोन्ही प्रकारचे लोक आहेत म्हणून इथेच विचारतोय. आईची पंचाहत्तरी आहे पुढच्या महिन्यात, तर तिचे चार अभंग आणि दोन जुनी पदं नीट रेकॉर्ड करून नातेवाईकांना द्यायची असं ठरवलं. रेकॉर्डिंग केलं मामाच्या ग्वाल्हेरच्या जनकगंजातल्या वाड्यात, माडीवरच्या खोलीत. पेटी मामाची, तबल्याला शेजारचा मुलगा, तानपुरा मोबाइलच्या अॅपवर. दोन चॅनलचा इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) आहे माझ्याकडे, डाव्या चॅनलला आईचा माइक आणि उजव्याला पेटी-तबला मिळून एक माइक. सॉफ्टवेअर ऑडॅसिटी.

आता गंमत अशी की नुसतं ऐकलं तर आवाज कोरडा आणि जरा गरीब वाटतो म्हणून मी रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, लावला, रूम साइज ८५, प्रीडिले (घुमारा किती मिलिसेकंद उशिरा सुरू व्हावा ते) १०, रिव्हर्बरन्स ७०, डॅम्पिंग २०, बाकी जसं होतं तसंच ठेवलं, आणि मला रात्री दीड वाजता हेडफोनवर ते इतकं भारी वाटलं की मी डोळे मिटून ऐकत बसलो. सकाळी आईला ऐकवलं. तिने एक ओळ ऐकली आणि म्हणाली, "मी काय मोरीत बसून गातेय का रे?"

मग कमी केलं तर म्हणे आवाज लांब गेला. वेगळा प्रीसेट लावला तर शब्दच कळेनात. तीन दिवस झाले, आता मला स्वतःलाच काही कळेनासं झालंय. नक्की कोणतं बटण किती फिरवायचं?

—

आळशी_तबलजी | मंगळवार, रात्री ११:५२

आईला मोरीत ऐकू आलं म्हणजे कान शाबूत आहेत, अभिनंदन. तबल्याच्या मुलाला पण ऐकव, त्याची तिरकिट त्या सेटिंगमध्ये एकच लांबलचक ढेकर झाली असणार.

—

ध्वनिचोर | बुधवार, रात्री १२:२५

भाऊ आधी एक सांग, मूळ कोरडी फाइल शाबूत आहे ना? की रिव्हर्ब लावून त्याच्यावरच सेव्ह केलंस? एकदा फाइलमध्ये मुरलेला रिव्हर्ब बाहेर काढणं म्हणजे चहातून साखर काढणं.

दुसरं, तू रिव्हर्ब डाव्या चॅनलवर वेगळा लावलास की सगळं एकत्र करून वर ओतलास?

—

कंपूवाला | बुधवार, सकाळी ८:१०

मूळ फाइल आहे, पेनड्राइव्हवर. आणि हो... सगळं एकत्र करून मग लावला. चुकलं का?

—

ध्वनिचोर | बुधवार, सकाळी ९:०५

चुकलंच. पेटी, तबला, तानपुरा, आई, सगळे एकाच मोरीत जाऊन बसले ना मग.

ऑडॅसिटीत आहेस तर असं कर. डावं-उजवं स्प्लिट करून दोन मोनो ट्रॅक कर. आईच्या ट्रॅकची डुप्लिकेट काढ. मूळ ट्रॅकला हात लावायचा नाही. डुप्लिकेटवर रिव्हर्ब उघड आणि खाली 'वेट ओन्ली' असा चौकोन आहे तिथे टिक कर, म्हणजे त्या ट्रॅकवर फक्त घुमारा उरेल, आईचा सरळ आवाज राहणार नाही. आता त्या ट्रॅकचा व्हॉल्यूम हाच तुझा रिव्हर्बचा नळ. पूर्ण बंद करून सुरू कर, हळूहळू वर ने, जिथे "हां, आला" असं वाटेल तिथून दोन-तीन डेसिबल खाली आण. मग म्यूट करून बघ. म्यूट केल्यावर खोली रिकामी झाल्यासारखं वाटलं पाहिजे, आणि चालू असताना रिव्हर्ब आहे हे लक्षातही येता कामा नये.

आकडे म्हणशील तर इथून सुरू कर: रूम साइज ४०, प्रीडिले ३०, रिव्हर्बरन्स ४०, डॅम्पिंग ६०, टोन लो ४०, टोन हाय ७०. यातला टोन लो महत्त्वाचा. बायकांच्या आवाजाला २०० हर्ट्झच्या खालचा घुमारा काही कामाचा नसतो, तिथे नुसती माइकची धडधड आणि पेटीचा गाळ असतो, आणि तुझा "मोरी" इफेक्ट बराचसा त्या २०० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यातच बसलाय बघ.

अजून एक, बहुतेक जण इथे आपटतात: ओळ संपली तिथेच सिलेक्शन संपलं तर ऑडॅसिटी रिव्हर्बची शेपटी तिथेच कापते. म्हणून शेवटी चार-पाच सेकंद शांतता जोडून मग लाव.

—

बडोदेकर_वहिनी | बुधवार, दुपारी १:३०

जनकगंजात कुठे हो? माझं माहेर तिथलंच, लग्नानंतर बडोद्याला दांडिया बाजारात आले पण अजून स्वप्नात जनकगंजातलीच गल्ली येते. असो.

ध्वनिचोर म्हणतात ते बरोबर, माझी त्यात एक भर. मी शाळेच्या कार्यक्रमांचं आणि थोडं पॉडकास्टचं मिक्सिंग करते, तर अनुभव असा की "स", "श", "च" ही अक्षरं रिव्हर्बमध्ये गेली की शिंतोडे उडतात. अभंगात तर स आणि च यांची काही कमी नसते. मूळ आवाजात ती अक्षरं नीट वाटतात पण घुमाऱ्यात दरवेळी "स्स्स" असं शेपूट दिसतं. तेव्हा डुप्लिकेट ट्रॅकवर रिव्हर्बच्या आधी डीएसर (स-श ची धार कमी करणारा इफेक्ट) लावा, मूळ ट्रॅकपेक्षा जरा जास्तच कडक. तो मिळत नसेल तर ईक्यूने (आवाजाचे पट्टे कमी-जास्त करायचं साधन) ५-६ हजार हर्ट्झच्या वरचं उतरवून मग रिव्हर्बला द्या. बोथट झालं तरी हरकत नाही, तो घुमारा आहे, गाणं नाही.

आणि तानपुऱ्याला रिव्हर्ब देऊच नका. तानपुरा हाच मुळात अर्धा रिव्हर्ब आहे!

—

कंपूवाला | बुधवार, रात्री १०:१५

वहिनी, छत्री बाजाराकडे जाणाऱ्या बाजूला.

केलं सगळं, पुष्कळ फरक पडला. पण अजून काहीतरी खटकतंय. रिव्हर्ब ट्रॅक पूर्ण म्यूट केला तरी आईच्या आवाजामागे एक "हॉ" असा आवाज राहतो. मीटरवर काही दिसत नाही पण ऐकू येतं. आणि मागे बारीक घरघर आहे, कूलर बंद केला होता तरी खाली अंगणातला दुसऱ्या भाडेकरूचा चालू होता, ग्वाल्हेरचा मे महिना, त्याला कूलर बंद करा म्हणायची माझी हिंमत झाली नाही. ती घरघर मी शेवटी नॉइज रिडक्शनने काढली तर घुमारा पाण्यात बुडवल्यासारखा बुडबुडायला लागला.

—

ध्वनिचोर | बुधवार, रात्री १०:४०

क्रम उलटा केलास. नॉइज रिडक्शन पहिलं, कोरड्या ट्रॅकवर, तेही बेताने. मग ईक्यू, मग रिव्हर्ब. घुमाऱ्याची शेपटी विझताना इतकी बारीक होते की सॉफ्टवेअरला ती आणि कूलर यातला फरक कळत नाही, दोन्ही एकत्रच कुरतडतं.

तो "हॉ" म्हणजे मामाची खोली. खोली कशी आहे, सामान वगैरे?

—

कंपूवाला | बुधवार, रात्री १०:५८

रिकामीच. बारा बाय पंधरा असेल, छत चौदा फूट. फरशी शहाबादी, भिंती चुन्याच्या. एक सतरंजी अंथरली होती. "वाड्यात काय नैसर्गिक आवाज येतो" म्हणून मुद्दाम तिथे केलं. माइक आईपासून साधारण दोन-अडीच फुटांवर, जवळ आणला की ती बिचकते.

—

निवृत्त_फिजिक्स | गुरुवार, सकाळी ६:२०

शाळेत ३४ वर्षं फिजिक्स शिकवलं, रिव्हर्बच्या बटणांतलं मला काही कळत नाही, पण ही खोली मात्र कळते. घुमारा विझायला किती वेळ लागतो ते सांगणारं साबाइनचं सूत्र लावून बघू. खोलीचं घनफळ साधारण ७१ घनमीटर. सगळे पृष्ठभाग मिळून १०४ चौरस मीटरच्या आसपास, आणि चुना-फरशी मिळून सरासरी ०.०६ शोषण धरलं तर ०.१६१ गुणिले ७१ भागिले ६.२, म्हणजे १.८ सेकंद. सतरंजी आणि चार माणसं धरून थोडं कमी करा. म्हणजे तुमच्या आईंचा आवाज ६० डेसिबलने खाली यायला दीड सेकंदाच्या आसपास लागतोय, आणि हे तुम्ही सॉफ्टवेअर उघडायच्या आधीच! त्यावर तुम्ही दुसरी खोली बांधलीत. एका वाड्यात दुसरा वाडा.

या साबाइनची गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. १८९५ साली हार्वर्डमध्ये फॉग संग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह बांधलं आणि तिथे वक्त्याचा शब्द पाच-साडेपाच सेकंद घुमत राहायचा, म्हणजे पुढची बारा-पंधरा अक्षरं त्याच्याच अंगावर. हा तरुण प्राध्यापक रात्री सगळं सामसूम झालं की शेजारच्या सँडर्स थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा आणि घुमारा विझायला किती वेळ लागतो ते स्टॉपवॉचने मोजायचा, मग अजून गाद्या, परत मोजणी, आणि उजाडायच्या आत गाद्या परत जागेवर. त्यातून हे सूत्र निघालं, आणि १९०० साली उघडलेला बोस्टनचा सिंफनी हॉल त्याच्याच हिशोबाने बांधला.

तात्पर्य, गाद्या आणा.

—

आळशी_तबलजी | गुरुवार, सकाळी ९:४०

सर, मामांच्या वाड्यात गोधड्यांची ददात नसणार. मे महिन्यात तशाही त्या माळ्यावरच असतात.

—

सपाट_तान | गुरुवार, दुपारी १२:१५

मला हा सगळाच खटाटोप पटत नाही. ग्वाल्हेरात बसून रिव्हर्ब? आपल्या घराण्याची गायकी म्हणजे मोकळा आवाज, स्वच्छ बोल, सपाट तान. ग्वाल्हेर घराण्याचे कृष्णराव शंकर पंडित शेवटपर्यंत याच गावात गायले, १९८९ साली गेले, त्यांच्यासारख्यांच्या गाण्याला धुकं लागतं का? जुन्या तबकड्या ऐका, आवाज अगदी समोर, मागे काही नाही, आणि तरी अंगावर काटा येतो. रिव्हर्ब हा बेसुरेपणा झाकायचा मेकअप आहे, बाकी काही नाही.

—

गजक_आणि_गझल | गुरुवार, दुपारी १:०५

जुन्या तबकड्यांत रिव्हर्ब नव्हता कारण १९२५ च्या आधी तर माइकच नव्हता, कर्ण्यात तोंड घालून ओरडावं लागायचं, ती काही सौंदर्यदृष्टी नव्हती हो. आणि दरबारात, देवळात, वाड्याच्या चौकात गायचे तेव्हा काय शून्य घुमारा होता? दगडी गाभाऱ्यात अभंग म्हणून बघा, देव नंतर, आधी रिव्हर्ब भेटतो.

—

सपाट_तान | गुरुवार, दुपारी १:३०

गाभाऱ्यात तान घेऊन दाखवा मग. चिखल होतो नुसता.

—

ध्वनिचोर | गुरुवार, रात्री ९:२०

भांडू नका, तानेचा मुद्दा खरंच मोलाचा आहे आणि त्याचा हिशोब सोपा आहे. समजा तान सेकंदाला आठ स्वरांची, म्हणजे एक स्वर १२५ मिलिसेकंद. डिके, म्हणजे घुमारा ६० डेसिबलने विझायला लागणारा वेळ, अडीच सेकंद ठेवला तर घुमारा सेकंदाला २४ डेसिबलने उतरतो, म्हणजे पुढचा स्वर येईपर्यंत मागच्याची शेपटी फक्त ३ डेसिबल खाली गेलेली असते. जवळपास तेवढीच! असे वीस स्वर एकमेकांच्या मानगुटीवर. तोच डिके एक सेकंद केला तर दर स्वरामागे साडेसात डेसिबल उतार मिळतो आणि तान दाणेदार राहते. तेव्हा सपाट_तान यांना जो चिखल दिसतो तो आहेच, पण तो डिकेचा आहे.

आलापाला मात्र दोन सेकंदही चालतात, तिथे स्वर थांबतो, श्वास असतो, घुमाऱ्याला फिरायला जागा मिळते. म्हणून एकच आकडा अख्ख्या पदाला लावायचा नाही. ऑडॅसिटीत एन्व्हलप टूल आहे, त्याने रिव्हर्बच्या ट्रॅकचा व्हॉल्यूम तानेच्या जागी खाली ओढायचा आणि ओळीच्या शेवटच्या स्वराला सोडून द्यायचा. अर्धा तास लागतो पण सगळा जीव त्यातच आहे.

आणि कंपूवाला, "आवाज लांब गेला" ही आईंची दुसरी तक्रार प्रीडिलेची आहे. माणूस जवळ असला की आधी त्याचा सरळ आवाज येतो आणि भिंतीवरून आपटून आलेला थोडा मागाहून. आवाज मिलिसेकंदाला साधारण ३४ सेंटीमीटर जातो. चौदा फुटी छताला आपटून परत यायला आईंच्या माइकपर्यंत सहाएक मीटरचा फेरा, म्हणजे १७-१८ मिलिसेकंद. तू १० ठेवलंस, म्हणजे घुमारा शब्दाला चिकटूनच आला आणि कानाला वाटलं गाणारी भिंतीपाशी उभी आहे. ३० ते ५० च्या मधे ठेव, शब्द आधी पोचतो, घुमारा मागून. ८०-९० च्या वर नेलंस तर मात्र वेगळा एको ऐकू यायला लागेल आणि तबल्याशी भांडेल.

—

बडोदेकर_वहिनी | गुरुवार, रात्री ९:५०

+१. आणि लयीशी जुळवायचं असेल तर ६० हजार भागिले मात्रांचा वेग. मिनिटाला ८० मात्रा असतील तर एक मात्रा ७५० मिलिसेकंद, तिचा सोळावा भाग ४७, तो प्रीडिलेला छान बसतो. पण आपल्याकडे लय वाढत जाते, क्लिकवर कोणी गात नाही, तेव्हा आकड्याच्या फार मागे लागू नका.

—

कंपूवाला | शनिवार, रात्री ११:३०

अहवाल देतो. आज परत रेकॉर्डिंग केलं, दोन अभंगांचं. मामाच्या माळ्यावरून सात गोधड्या काढल्या, डांबरगोळ्यांच्या वासाने सगळे शिंकले. चार आईच्या मागच्या भिंतीला दोरीवर टांगल्या, दोन बाजूच्या खिडक्यांना, एक फरशीवर. टाळी वाजवून बघितली, आधी "टप्प्प्प" असं यायचं ते "टप" झालं. माइक जेमतेम एक वीत अंतरावर आणला, तोंडासमोर न ठेवता जरा तिरका, तसा ती बिचकली नाही. तानपुरा तिच्या कानात हेडफोनवर दिला त्यामुळे माइकमध्ये आलाच नाही. भाडेकरूला मामीने आमरसाची वाटी नेऊन दिली आणि वीस मिनिटं कूलर बंद करून घेतला. हे सेटिंग कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नाही.

आणि एक आगाऊपणा केला. कुठेतरी वाचलं होतं की फुगा फोडून जागेचा घुमारा रेकॉर्ड करता येतो आणि तोच गाण्याला लावता येतो. वाड्याचा दगडी जिना मस्त घुमतो, लहानपणी तिथे आम्ही भुतासारखे ओरडायचो. तर जिन्याच्या तळाशी फुगा फोडला, मामी धावत आली, तिला वाटलं सिलेंडर. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलंय, ६० दिवस बघायला फुकट मिळतं, त्यात रिआव्हर्ब नावाचं जे कन्व्होल्यूशनवालं (रेकॉर्ड केलेल्या जागेचा घुमारा गाण्याला लावणारं) आहे, त्यात ती फाइल टाकली. सुंदर वाटलं पण प्रत्येक शब्दानंतर एक फडफड ऐकू येते. हे काय आहे?

—

ध्वनिचोर | शनिवार, रात्री ११:४५

जिन्यात पारवे आहेत का?

—

कंपूवाला | शनिवार, रात्री ११:४७

आहेत 😐

—

ध्वनिचोर | रविवार, रात्री १२:१०

फुगा फुटला, पारवा उडाला, आणि तो फाइलमध्ये आला. कन्व्होल्यूशनचं कामच हे, इम्पल्समध्ये (म्हणजे त्या फुग्याच्या रेकॉर्डिंगमध्ये) जे जे आहे ते प्रत्येक स्वराला चिकटतं. आता आई जेवढे शब्द म्हणतील तेवढे पारवे उडणार.

फाइल उघड, फुग्याच्या आधीची शांतता अगदी कडेपर्यंत काप, नाहीतर ती फुकटचा प्रीडिले होऊन बसते. मागे फडफड जिथे सुरू होते त्याच्या आधी फेड आउट दे. आणि फुगा फोडताना माइकचा गेन (रेकॉर्डिंगची पातळी) खूप कमी ठेव, वेव्हफॉर्मचं टोक चपटं झालं असेल तर ती फाइल बाद. खरं तर फुग्यापेक्षा खालपासून वरपर्यंत सरकणारा सूर स्पीकरवर वाजवून इम्पल्स काढला तर जास्त स्वच्छ मिळतो, पण घरगुती कामाला फुगा चालेल. पारव्यांना आधी हाकला मात्र.

—

आळशी_तबलजी | रविवार, सकाळी १०:००

पुढचा फुगा किल्ल्यावर सास-बहूच्या देवळात फोडू नकोस एवढंच, चौकीदार तुझाच इम्पल्स रिस्पॉन्स काढेल.

—

सपाट_तान | रविवार, सकाळी ११:२०

गोधड्यांची कल्पना आवडली. कोरडा ट्रॅक ऐकायला मिळेल का? रिव्हर्ब नसलेला.

—

कंपूवाला | मंगळवार, रात्री १०:०५

सपाट_तान, तुम्हाला व्यनि (खाजगी निरोप) केलाय.

बाकी सगळ्यांसाठी: पारवा कापला. जिन्याचा घुमारा जेमतेम १.१ सेकंद उरला, तोच ठेवला. वेगळ्या बसवर (फक्त रिव्हर्बसाठीच्या ट्रॅकवर), पूर्ण वेट, प्रीडिले ४०, त्याच्या आधी डीएसर, ३०० च्या खालचं आणि ८ हजारच्या वरचं कापून. पेटी-तबल्याच्या ट्रॅकला त्याच बसवर अगदी थेंबभर, म्हणजे सगळे एकाच जागी बसल्यासारखे वाटतात. तानपुऱ्याला काही नाही. ओळीच्या शेवटी तीन डेसिबल वर, तानेला पाच खाली. हेडफोन, मामाचा जुना टेप-स्पीकर आणि फोन, तिन्हीवर ऐकलं. फोनवर रिव्हर्ब जवळपास नाहीच असं वाटतं पण म्यूट केला की कळतं.

आज संध्याकाळी आईला दिलं. डोळे मिटून पूर्ण अभंग ऐकला. मी वाट बघतोय आता मोरी निघते की विहीर. घुमाऱ्याबद्दल अक्षर नाही. म्हणाली, "मामाची पेटी जरा चढलीये, आणि दुसऱ्या अंतऱ्यात माझा गंधार उतरलाय. आधीच्या फाइलीत कळला नव्हता. रविवारी परत घेऊ."

गोधड्या अजून टांगलेल्याच आहेत. आता भाडेकरूला काय न्यायचं ते मामी ठरवतेय.

—

सपाट_तान | मंगळवार, रात्री १०:४०

गंधार खरंच उतरलाय. पण आवाज काय आहे हो आईंचा.